बंगई टांगायची कुठं?

बार्शीटाकळीच्या कालंका देवीच्या देवळातल्या शिलालेखात शके १०९८ हे साल आहे, म्हणजे इसवी सन ११७६-७७. चुन्याशिवाय, दगडात दगड गुंतवून उभं केलेलं हेमाडपंती काम. त्याच गावात माणसांनी स्वतःला राहायला बांधलेली घरं माती, विटा आणि सागवानाची होती. त्यांतलं शंभरी ओलांडलेलं घर आता शोधावं लागतं. अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवरचं, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं हे तालुक्याचं गाव. मीटरगेज गेली, ब्रॉडगेज आली. धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं गेली, स्लॅबची आली. धाब्याचं घर पाडलं की माती तिथंच पसरते, दगड नव्या पायात जातात. लाकडाचं काय करायचं, यावर मात्र घरात बैठक बसते.

तुळया, खांब, कवाडं घेणारा व्यापारी मिळतो. तो घनफुटावर बोलतो आणि विषय संपतो. न संपणारा विषय असतो घरातल्या वस्तूंचा: बंगई म्हणजे ओसरीवरचा झोपाळा, देव्हारा, पाळणा, चौरंग, काठवट, आज्याची संदूक, पोळ्याचा लाकडी नंदी. या विकता येत नाहीत, कारण आजी अजून आहे. किंवा आजी आता नाही, म्हणून विकता येत नाहीत. आणि अकोल्यातल्या, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये त्या मावत नाहीत. ‘आता हे ठेवाचं कुठं?’ हा प्रश्न वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत वाटणीच्या कागदांआधी निघतो.

मला त्यात रस आहे तो सजावटीपेक्षा सुतारकामामुळं. जुनी वस्तू नव्या घरात आणायची म्हटलं की बोलणं थेट पॉलिशवर जातं. चकचकीत की मॅट, डार्क वॉलनट की नॅचरल. पण वस्तू साधते किंवा बिघडते ती माप आणि सांधा या दोन गोष्टींपाशी. ती दोन राखली तर रंग कुठलाही द्या, पुढच्या पिढीला तो बहुतेक वेळा काढता येतो.

वऱ्हाडातल्या घरांत एवढं सागवान आलं कुठून, हेही पाहायला हवं. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडं गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडं तोंड वळवलं. त्याच दशकात रेल्वे अकोल्यापर्यंत आली. १८७० साली तर खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः हजर होता. कापसाचा पैसा ज्यांच्या हाती आला त्यांनी वाडे बांधले, आणि उत्तरेला मेळघाट-सातपुड्याचं सागवान होतंच. पुढं जंगल राखीव झालं, १९७४ साली मेळघाटात व्याघ्रप्रकल्प आला. तिथलं जुनं झाड आज तोडता येत नाही, ते बरंच आहे. त्यामुळं ओसरीवरच्या बंगईचा पाट ही मुळात परत न मिळणारी चीज झाली आहे.

हे भावनेचं बोलणं नाही. जंगलात सावकाश वाढलेल्या सागाचा गाभा जाड असतो, त्यात तेल आणि टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, वाळवीला ते मानवत नाही. रोपवनातला साग वीस-पंचवीस वर्षांत कापला की त्यात गाभा कमी आणि कडेचं पांढरं लाकूड जास्त. भुंगा लागतो तो त्या पांढऱ्याला. जुनी वस्तू हाती घेतली की जाणता सुतार आधी कड तासून रंग बघतो आणि मग किंमत सांगतो, त्याचं कारण हे.

सगळंच सागवानाचं नव्हतं, हेही लक्षात ठेवलेलं बरं. बैलबंडीची चाकं आणि तिफण, वखर, डवरा ही अवजारं बाभळीची. आसाला धावडा किंवा तिवस. सुतार बलुतेदार. वर्षभर अवजारं दुरुस्त करायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. कुठल्या कामाला कुठलं लाकूड, हे त्याच्या हातात होतं. आजच्या इंटिरिअरवाल्याच्या यादीत या सगळ्याला एकच नाव आहे: ‘रस्टिक वुड’. बाभळीच्या जुवावर आणि सागाच्या देव्हाऱ्यावर तो एकाच डब्यातलं पॉलिश मारतो.

बंगईपासून सुरुवात करू, कारण वऱ्हाडातल्या घरात ती वस्तू कमी आणि जागा जास्त होती. दुपारची झोप, पान-सुपारी, सोयरिकीची बोलणी, तान्ह्या बाळाची आंघोळीनंतरची गुंगी, सगळं तिच्यावर. पाट सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन इंच जाड धरला तर दोन घनफूट लाकूड होतं. सागवान घनफुटाला साधारण अठरा-एकोणीस किलो भरतं, म्हणजे नुसता पाटच छत्तीस-सदतीस किलोंचा. वर पितळी साखळ्या. त्यावर दिवाळीला जमलेली चार माणसं. म्हणजे तीनशे किलोंच्या घरात वजन, तेही स्थिर नाही, झुलणारं. झोक्याला जोर दिला की आकड्यावरचा ताण त्याहून वाढतो.

जुन्या घरात हा भार सागवानी सरावर, म्हणजे आडव्या तुळईवर होता. नऊ-दहा इंची सर, त्यातून आरपार गेलेला लोखंडी आकडा, वरून वळवलेला. फ्लॅटमध्ये असतो साडेचार-पाच इंचांचा स्लॅब, आणि कंत्राटदाराचा माणूस खालून ड्रिल मारून चार फास्टनर ठोकून देतो. फास्टनर एकदा बसला म्हणजे बसला असं त्याला वाटतं. पण रोजच्या झोक्यानं नट सैल होत जातो, आणि छताला लावलेल्या आकड्याकडं मान वर करून कोण बघतो? बंगई बीमला टांगावी, स्लॅबला नाही. आणि आधी इमारतीचं काम जाणणाऱ्या इंजिनिअरला विचारावं. आरपार बोल्ट घालून वर लोखंडी पट्टी देणं सर्वांत भक्कम, पण वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या फरशीखालून ती पट्टी जाणार. शेजारधर्म एवढा लांब पोचत नाही.

मग तिसरा मार्ग उरतो, आणि मला तोच सगळ्यांत पटतो: घोडी. पाडलेल्या घराच्याच दोन तुळया आणि चार खांबांचे तुकडे घेऊन उभी चौकट करायची आणि बंगई तिला टांगायची. स्लॅबला भोक नाही, घर बदललं तर खोलून नेता येते, आणि ज्या सराला ती पन्नास-साठ वर्षं टांगलेली होती तोच सर तिच्याबरोबर येतो. जागा जास्त खाते, हे खरं. तीन खोल्यांच्या घरात घोडीसाठी सोफा काढावा लागतो. काढावा. जुन्या बंगईचा पाट जमिनीपासून साधारण दीड फुटावर असे, पाय टेकतील आणि रेटा देता येईल इतका. आजच्या सोफ्याची बैठकही सतरा-अठरा इंचांची असते. म्हणजे आज्यानं टांगलेली उंची आणि शोरूममधली उंची एकच निघते, बदलायला काही उरतच नाही.

इतर वस्तूंचं असं नशीब नाही. बसायचा पाट दोन-तीन इंचांचा, चौरंग फूटभर, जुनं कवाड जेमतेम पाच फुटांचं. पूर्वी खाली बसणं हे बसणंच होतं. आता गुडघे तयार नाहीत. मग चौरंगाला खालून स्क्रूनं पाय जोडले जातात. संदुकीला चाकं बसतात, त्यासाठी तळाची फळी पोखरली जाते. इथं एक साधी गोष्ट पाळली तर बरंच नुकसान टळतं: उंची हवी असेल तर वस्तूला हात लावायचा नाही, तिच्याखाली वेगळी बैठक करायची. लोखंडी असो, लाकडी असो. संदूक तिच्यावर नुसती ठेवायची. उद्या नातीला ती जमिनीवर हवी असेल तर बैठक काढून ठेवली की झालं. कवाडाचंही तेच. कापून दोन स्टुलं करण्यापेक्षा पलंगाच्या डोक्याशी आडवं उभं करावं, कडी-कोयंड्यासकट. अडसराची खाच दिसू द्यावी. ती बुजवायला पुट्टी भरणाऱ्या माणसाला मी तरी कामावर ठेवणार नाही.

आता चाकाच्या टेबलाबद्दल. बंडीचं चाक आडवं ठेवून वर गोल काच, असं टेबल आता धाब्यावर, रिसॉर्टमध्ये, डॉक्टरांच्या दवाखान्यात सगळीकडं दिसतं. मला ते आवडत नाही, आणि त्याला केवळ आवडनिवड कारण नाही. चाक म्हणजे मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेरचे पुठ्ठे, आणि या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव तापवून, फुगवून चढवतात आणि पाण्यानं थंड करून आवळतात. चाकात गोंद नाही, खिळा नाही. सगळी भिस्त त्या आवळण्यावर. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की चाकं खुळखुळायला लागत, तेव्हा शेतकरी बंडी ओढ्याच्या पाण्यात उभी करून ठेवत. अकोल्याचा मे महिन्यातला पारा ४५ च्या वर जातो, त्यात दिवाणखान्यात एसी. तिथं चाकाला पाणी कोण पाजणार? दोन-तीन उन्हाळ्यांत आरे हलू लागतात, मग त्यांत डिंक भरला जातो, पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा त्याला जायला जागा नसते आणि पुठ्ठा तडकतो. भिंतीला उभं लावलेलं चाक निदान काचेचं ओझं तरी वागवत नाही.

भिंतीवरच्या तिफणीबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडं ओढतं. ज्यांच्या घरी शेती सुटली, त्यांनी तिफण हॉलमध्ये लावली, तिच्या चाड्यात मनीप्लँट ठेवला, त्याला नाकं मुरडणं सोपं आहे. पण गोठ्याच्या आढ्याला लटकून ती वाळवीच्या तोंडी जाणार होती, हेही खरं. फक्त चाड्यात पाणी घालू नका. मुठीनं पेरायला केलेला वाडगा आहे तो, त्यातून दाणे सुटावेत म्हणून खाली भोकं आहेत, आणि पाणीही सुटतं. खाली नळ्या, त्याखाली तुमचा पांढरा गालिचा.

सांध्याकडं येऊ. जुन्या वस्तूत एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात जातं आणि वरून लाकडी किंवा बांबूची खुंटी. चांगला सुतार खुंटीची भोकं केसभर चुकवून पाडी, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आपोआप ओढला जाई. गोंद लागलाच तर सरस, जनावरांच्या हाडा-कातड्याचा. गरम पाणी आणि वाफ लागली की सरस सुटतो. १९५९ साली फेविकॉल बाजारात आला आणि सरसाचं भांडं, त्याचा शेगडीवरचा वास, सगळं कारखान्यांतून गेलं. सुतारांची त्या वासातून सुटका झाली, त्याबद्दल कुणी तक्रार करू नये. नव्या कामाला तो उत्तमच. जुन्या सांध्यात मात्र तो भरला की पुढच्या माणसाला तो सांधा नीट खोलता येत नाही, करवत घ्यावी लागते. म्हणून जुना चौरंग डगमगला तर आधी खुंटी ठोकून बाहेर काढा, कुसू साफ करा, ढिलं असेल तर सागाचीच पातळ चीप लावा, नवी खुंटी ठोका. काम अर्ध्या दिवसाचं. मजुरी डिंकापेक्षा जास्त, आणि ती द्यायला हवी.

कवाडाच्या किंवा कपाटाच्या चौकटीतली फळी खाचेत मोकळी असते, ती हलते म्हणून कित्येक जण चिकटवून टाकतात. ती हलायलाच केलेली आहे. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, रुंदीत वर्षभर कमी-जास्त होतं. चिकटवली की चैत्रात मधोमध चीर.

पॉलिशचा निर्णयही यावरूनच करता येतो. लाखेचं पॉलिश स्पिरिटनं निघतं. जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावता येतं. जवस तर आपल्या विदर्भाचं पीक. मेलामाइन किंवा पीयूचा थर टणक, डाग न धरणारा, पण उतरवायचा तर घासूनच, आणि घासण्यात नक्षीची धार जाते. रोज ताटं ठेवायच्या टेबलाला पीयू द्या, माझी हरकत नाही. देव्हाऱ्याच्या कळसाला, कमानीला नको. देव्हाऱ्यावर पन्नास दिवाळ्यांचं काजळ आणि तेल बसलेलं असतं. ते टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्यानं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं निघतं, वेळ लागतो एवढंच. एक सूचना गंभीरपणे: जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तर नकोच. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पाळण्याबाबत तर सौंदर्य दुय्यम आहे. घरात नवं बाळ येणार म्हटलं की माळ्यावरचा पाळणा उतरतो, त्याचे जुने रंगाचे पोपडे पॉलिशपेपरनं घासले जातात, आणि ते घासणारी बऱ्याचदा पोटुशी सून किंवा तिची बहीण असते. जुन्या तैलरंगांत शिसं असे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. कोरडं घासायचं नाही; रंग उतरवायचाच तर ओला करून, घराबाहेर, नाक-तोंड झाकून, पोटुशी असलेल्या किंवा लेकुरवाळ्या बाईनं नाही. दुसरं म्हणजे गजांमधली फट. आजचे पाळणे करताना ती सहा सेंटिमीटरांपेक्षा कमी ठेवतात, बाळाचं अंग त्यातून सरकू नये म्हणून. जुन्या खराद केलेल्या गजांच्या पाळण्यात ती सहज मोठी असते. आत सुती जाळी ताणून बांधता येते. नाहीतर बारशापुरता पाळणा वापरावा, गाणी म्हणावीत, आणि बाळाला झोपायला दुसरीकडं न्यावं.

काही वस्तू मात्र जशा आहेत तशाच बऱ्या. तान्ह्या पोळ्याचा नंदी हा त्यांतला पहिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत निघतात. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारात १८०६ साली ही चाल सुरू झाली, असं नागपूरकर सांगतात, आणि पुढं ती विदर्भभर पसरली. घरोघरी आज्यानं, पणज्यानं करून घेतलेला नंदी असतो, शिंगं तासून तासून बारीक झालेली. हल्ली तो काचेच्या शोकेसमध्ये, खाली पिवळा दिवा. बसू द्या तिथं; पण एक दिवस खाली काढून, चाकांना तेल देऊन, पोरांच्या हाती दोरी द्या. नंदीचा कान तुटतो बऱ्याचदा तो अशाच एखाद्या दिवशी, आणि तो कान नवा बसवणारा सुतार मग त्या घरचा होतो.

दुसरी गोष्ट मेळघाटातली. कोरकू लोक आपल्या मृतांसाठी सागवानी मुंडा, म्हणजे स्मृतिफळी, कोरतात. त्यावर चंद्र-सूर्य, घोडेस्वार, नाचणारी माणसं. सिडोली नावाच्या विधीनंतर तो गावाबाहेर झाडाखाली उभा राहतो. अशा कोरीव फळ्या कलाबाजारात आणि परदेशी संग्रहांत जाऊन पोचल्या आहेत, आणि ‘ट्रायबल आर्ट’ म्हणून कुणाच्यातरी दिवाणखान्यात उभ्या आहेत. वारसा तोही, पण तो दुसऱ्या घराचा. विकत मिळाला तरी आपल्या हॉलमध्ये आणू नये, असं माझं सरळ मत आहे.

पुण्यातल्या शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय या निमित्तानं आठवतं. दिनकर केळकरांनी, म्हणजे ‘अज्ञातवासी’ कवींनी, उभा जन्म अडकित्ते, दिवे, फण्या, कोरीव दरवाजे असल्या घरगुती वस्तू गोळा करण्यात घालवला, आणि हजारोंचा तो संग्रह १९७५ साली राज्य सरकारकडं सोपवला. तिथली कोरीव दारं पाहताना कौतुक वाटतं, हात मात्र लावता येत नाही. घरातल्या वस्तूला एवढी सवलत आहे की तिला हात लावता येतो. ती सवलत ‘जपून ठेवली आहे’ म्हणत पॉलिथिनमध्ये गुंडाळून घालवू नये.

हे सगळं करणार कोण, हा प्रश्न उरतोच. वाकस आणि पटाशी चालवणारे हात तालुक्याच्या गावी अजून सापडतात, पण त्यांच्या मुलांना काम मिळतं ते प्लायवूड, लॅमिनेट आणि मॉड्युलर किचनचं. त्यात पैसा वेळेवर मिळतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतची मदत आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. चांगलं आहे. पण सांधा खोलून बसवणाऱ्याला अवजारापेक्षा गिऱ्हाईक हवं, आणि गिऱ्हाईक त्याला म्हणतं, ‘एवढ्या पैशात तर नवीन येते.’ येतं, नक्की येतं. एमडीएफचं येतं. पुण्याहून इंटिरिअर डिझायनर बोलावून त्याच्या चित्राची फी देणारा माणूस सुताराच्या खुंटीचे पैसे मात्र कापतो.

राहिली वाटणी. शेत एकर-गुंठ्यांत वाटलं जातं, भांडी नगावर वाटता येतात. बंगई एक आणि भाऊ दोन. पाट मधोमध कापून दोघांनी तीन-तीन फूट नेणं हाही एक तोडगा असतो. त्याचं कुणाकडं टीव्हीखालचं फडताळ होतं, कुणाकडं काही नाही. पण आपल्याकडं महालक्ष्म्या भावाभावांत आळीपाळीनं बसतात, मुखवटे आणि अडण्या एका घरून दुसऱ्या घरी जातात. बंगईलाही तसं करायला कुणाची ना नाही. खुंट्यांवर जोडलेली घोडी खोलून टेम्पोत आडवी पडते. सहा फुटांचा पाट लिफ्टमध्ये उभा जातो, सात फुटांचा तिरपा, आठ फुटांचा असेल तर जिना आणि चार माणसं. ज्याच्या घरी घोडीला जागा नाही आणि बीमला आकडे आहेत, त्यानं साखळीचं माप आधी घ्यावं. धाकट्याचा बीम थोरल्याच्या बीमपेक्षा चार इंच खाली निघाला, तर तेवढ्या कड्या उतरवाव्या लागतात, आणि त्या पुढच्या वर्षी परत द्यायच्या असतात, म्हणून त्या एका डबीत घालाव्यात, आणि डबी कुणाकडं आहे ते दोन्ही वहिनींना माहीत असावं.